जळजळ नाही, मग घशाला पित्त कसलं?

मिरजेला लांबून माणसं येतात ती दोन कारणांसाठी. कुणाला सतार-तानपुरा हवा असतो, कुणाला डॉक्टर. 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कोकणातून आणि कर्नाटकातून रुग्ण येत राहिले. गाणाऱ्यांचं येणं तर त्याहून जुनं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथंच मिरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. या गावात घशाबद्दल वाद झाला, तर एका बाजूला गाणारी आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर असणार, हे ओघानंच आलं.

आमच्या माई चाळीस वर्षं गाणं शिकवतात. वय 67. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. दहावीपर्यंत ती माईंकडे शिकली आणि पुढे वैद्यकीकडे गेली. आठ महिन्यांपासून माईंचा आवाज बिघडला होता आणि दवाखान्यात यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून मी डॉक्टरबाईंनाच घरी घेऊन गेलो. त्या संध्याकाळचं बोलणं जमेल तितकं जसंच्या तसं लिहितो आहे. दोघींची नावं देत नाही.

डॉक्टर : माई, मी येऊन बसल्यापासून तुम्ही अकरा वेळा खाकरलात. दहा मिनिटंही झाली नाहीत.

माई : घशात काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं गं. खाकरलं की सुटतं.

डॉक्टर : सुटतं?

माई : सुटत नाही. घटकाभर बरं वाटतं, मग परत तेच. बडबड फार होते, रस्त्याची धूळ आहे, आणि वय काय थोडं झालं? तू उगाच काळजी करतेस. ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरते, रात्री मिठाच्या गुळण्या करते.

डॉक्टर : सकाळी आवाज कसा असतो?

माई : सकाळी जड. पण एक सांगू, खर्ज इतका सुंदर लागतो! तिशीत लागला नाही असा मंद्र पंचम हल्ली लागतो. वर मात्र जाता येत नाही. तार षड्जाला आवाज फाटतो, हवा निघून जाते. आधी काळी पाचमध्ये गात होते, आता काळी चारवर उतरले.

डॉक्टर : तो खर्ज खुशीनं सांगू नका. स्वरपट्ट्या सुजल्या की जाड होतात, जड होतात आणि सावकाश हलतात. जाड तारेचा स्वर खाली जातो, तसंच हे. काळी चारचा षड्ज म्हणजे स्वरपट्ट्या सेकंदाला साधारण 208 वेळा एकमेकींवर येणार, तार षड्जाला 415 वेळा. सूज घेऊन तेवढा वेग कसा साधेल? सकाळी खर्ज चांगला आणि वरचे स्वर गायब, हे ऐकलं की रात्रभरात घशाला काय लागलं असेल, हा प्रश्न मला आधी पडतो.

माई : काय लागणार?

डॉक्टर : पोटातलं. जठरातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्रापर्यंत पोचत असावं.

माईंनी तानपुऱ्याला टेकवलेला हात काढून घेतला. त्यांना हे पटलेलं नाही, हे मला तेवढ्यावरून कळलं.

माई : हे बघ, ॲसिडिटी काय असते ते मला चांगलं माहीत आहे. माझ्या सासूबाईंना होती. छातीत आग, करपट ढेकर, रात्री उठून थंड दूध. मला यातलं एकही नाही. मी ठेचा खाते आणि पचवते. जळजळ नाही, मग घशाला पित्त कसलं? उद्या तानपुरा बोलेनासा झाला, तर मी जवारी बघीन. भोपळा फोडून बघत नाही.

डॉक्टर : छातीत जळजळ नसणं हेच तर यातलं फसवं लक्षण आहे, माई. इंग्रजीत याला मुका रिफ्लक्स असंच नाव पडलंय. घशाची तक्रार घेऊन येणाऱ्या अशा कितीतरी जणांना छातीत काहीच होत नाही.

माई : का होत नाही? आम्ल आहे तर जाळायलाच पाहिजे. आमच्या वैद्यांनी मला माधवनिदानातलं अम्लपित्त समजावलं होतं. त्यात ऊर्ध्वग आणि अधोग असे प्रकार आहेत. वरच्या अंगानं जाणाऱ्या पित्ताची कल्पना आपल्याकडे होती, मान्य. पण तिथंही छाती आणि घसा दोन्ही जळतात असंच म्हटलंय ना?

डॉक्टर : म्हटलंय. आणि ज्यांना जळतं त्यांना ते तंतोतंत लागू पडतं. तुमच्यासारख्यांचं निराळं असतं. अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. खाली जठराच्या तोंडाशी एक झडप, वर घशाशी दुसरी. खालची झडप सैल पडून थोडं आम्ल वर येणं हे निरोगी माणसातही रोज होतं, जेवणानंतर तर जास्तच. अन्ननलिकेला त्याची सवय असते. ती आकुंचन पावून त्याला खाली ढकलते, गिळलेली लाळ त्याचा आंबटपणा मारते. म्हणून कधीतरी आलेलं आम्ल तिला जाणवतही नाही. पण तेच आम्ल वरच्या झडपेतून स्वरयंत्रावर आलं, की तिथं ढकलणारं कुणी नाही आणि लाळही नीट पोचत नाही. तिथली त्वचा फार नाजूक असते. अन्ननलिका जे निमूट सोसते, त्याच्या थोड्याशा अंशानं स्वरयंत्र सुजतं. आणि सुजलं तरी आगीसारखं जळत नाही. खवखवतं, चिकट होतं, कोरडं पडतं.

माई : म्हणजे तुझ्या मते मला रात्री झोपेत हे होतंय.

डॉक्टर : रात्री होत असेल. पण घशाचा रिफ्लक्स दिवसा, उभं असताना, बसलेलं असतानाही होतो. छातीत जळजळणारे बरेच जण आडवे झाल्यावर हैराण होतात. घशावाल्यांना जेवून वाकून काम केलं तरी पुरतं.

इथे मला माझीच आठवण झाली. दुपारी जेवून लगेच आम्ही माईंसमोर बसून ताना घोटायचो. पोट आत ओढून, श्वास दाबून धरून. त्या दाबानं जठरातलं वर येत असेल, असा विचार आमच्यापैकी कुणालाही कधी शिवला नाही. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी ऑपेरातल्या वृंदगायकांची पाहणी केली, तेव्हा या गायकांत रिफ्लक्सच्या तक्रारी इतर लोकांपेक्षा जास्त आढळल्या. गाण्यात पोटावर येणारा दाब हे त्याचं एक कारण असावं, असा त्यांचा कयास होता. माईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे उपाशीपोटी रियाज सांगितलाय तो उगाच नाही.’

डॉक्टर : तेच धरून ठेवा. आता मी नऊ प्रश्न विचारते. 2002 साली अमेरिकेतल्या तीन घसातज्ज्ञांनी ही प्रश्नावली बनवली. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण. त्रास नसेल तर शून्य, फारच असेल तर पाच. गेल्या महिन्याभरातलं सांगायचं. आवाज बसणं किंवा आवाजाचा त्रास?

माई : चार.

डॉक्टर : सारखं खाकरावं लागणं? हे मीच लिहिते, पाच. घशात कफ साठणं, नाकातून मागे कफ उतरतोय असं वाटणं?

माई : तीन. पण सर्दी नाही हं. चिकट, पांढरट. थुंकलं तरी निघत नाही.

डॉक्टर : घास, पाणी, गोळी गिळताना अडकणं?

माई : शून्य. जेवण मजेत उतरतं.

डॉक्टर : हे फार महत्त्वाचं. आणि जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला?

माई : दोन म्हण.

डॉक्टर : श्वास अडकणं, ठसका लागून घाबरणं?

माई : एकदाच झालं. रात्री दोनला दचकून उठले, श्वासच आत जाईना. दहा सेकंद असेल, पण जीव गेला असं वाटलं. एक.

डॉक्टर : हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

माई : काय सांगायचं? स्वप्न पडलं असेल म्हटलं.

डॉक्टर : आम्लाचा थेंब स्वरयंत्रावर पडला, की स्वरपट्ट्या गच्च मिटू शकतात. असं पुन्हा झालं तर घाबरून तोंडानं हवा ओढू नका. नाकानं हळू, लहान लहान श्वास घ्या, मग सुटतं. बरं, त्रासदायक खोकला?

माई : एक.

डॉक्टर : घशात गोळा अडकल्यासारखं?

माई : चार. पण गंमत अशी की आवंढा गिळताना तो जाणवतो, भाकरी गिळताना नाही.

डॉक्टर : बरोबर. नुसती सूज किंवा स्नायूंचा ताण असेल, तर घास जाताना गोळा जाणवत नाही, आवंढ्याला जाणवतो. घासच अडकू लागला, तर ती निराळी आणि गंभीर गोष्ट. शेवटचं, छातीत जळजळ, आंबट पाणी?

माई : शून्य! पहिल्यापासून तेच सांगते आहे.

डॉक्टर : वीस झाले. तेरापेक्षा जास्त आले, की रिफ्लक्सचा संशय धरायचा.

माई : थांब. हाच कागद घेऊन मी परागकणांच्या ॲलर्जीवाल्याकडे गेले, तर त्याचेही वीस येतील की नाही? त्यालाही कफ आहे, खाकरणं आहे, खोकला आहे, आवाज बसलेला आहे.

डॉक्टर : येतील.

माई : आणि तंबाखूवाल्याचे?

डॉक्टरबाई गप्प राहिल्या. मग माईंनी आपल्या तबलजींची गोष्ट सांगितली. ती मला आधीपासून ठाऊक होती, तरी परत ऐकताना पोटात खड्डा पडला. पंधरा वर्षं माईंच्या साथीला बसलेला माणूस. पानात तंबाखू कायम. आवाज घोगरा झाला, तर एका दवाखान्यात घसा न बघताच ॲसिडिटी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. मग दुसरी गोळी, मग दुप्पट गोळी. पाच महिने गेले. शेवटी कानात ठणका लागला म्हणून दुसरीकडे दाखवलं, तर स्वरपट्टीवर गाठ निघाली. शस्त्रक्रियेत त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ते आज आहेत. बोटांनी बोलतात आणि तबला वाजवतात.

माई : म्हणून मला तुझ्या ॲसिडिटीचा राग येतो. पूर्वी कळेना ते सगळं ‘वात’ म्हणायचे, आता कळेना ते ‘ॲसिडिटी’ म्हणतात. माझ्यावरही गेल्या दिवाळीत तोच शिक्का मारला. पँटोप्राझोल दिली. पंधरा दिवस घेतली आणि काडीचाही फरक नाही. म्हणजे ते नव्हतंच ना?

डॉक्टर : तबलजींच्या बाबतीत चूक कुठं झाली ते तुम्हीच सांगितलंत, माई. पाच महिन्यांत कुणी त्यांच्या घशात डोकावलं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 साली आवाजाच्या तक्रारींबद्दल जी मार्गदर्शक सूत्रं सुधारून काढली, त्यात हेच स्पष्ट लिहिलंय. आवाज बसला म्हणून, स्वरयंत्र न बघता, नुसत्या लक्षणांवर आम्लाचं औषध देऊ नका. आणि चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर स्वरयंत्र बघा. तंबाखू-सिगारेटवाल्यासाठी तर चार आठवडेही थांबायचं नाही.

माई : मग तू इतका वेळ प्रश्न का विचारतेस?

डॉक्टर : संशय कुठल्या दिशेनं धरायचा ते ठरवायला. वीस गुण म्हणजे निदान झालं असं मी म्हणणार नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर देते. गोळी कधी घेत होतात?

माई : रात्री जेवल्यावर, बीपीच्या गोळीबरोबर.

डॉक्टर : ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवण सुरू झालं, की जठरात आम्ल सोडणारे पंप चालू होतात, त्या वेळी औषध रक्तात तयार पाहिजे. जेवल्यावर घेतली, तर तिचं बरंच बळ वाया जातं. शिवाय घशाची सूज उतरायला महिने लागतात, पंधरा दिवसांत काहीच ठरत नाही. तरी गोळीची बाजू मी घेणार नाही. ब्रिटनमध्ये आठ केंद्रांत 346 जणांवर एक चाचणी झाली, 2021 साली प्रसिद्ध झाली. सगळे घशाच्या जुन्या तक्रारीचे. निम्म्यांना लॅन्सोप्राझोल दिवसातून दोनदा, सोळा आठवडे. निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. शेवटी दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले.

माई : बघ! म्हणजे घशाचा पोटाशी संबंध नाही.

डॉक्टर : एवढं त्यातून निघत नाही. घशाच्या तक्रारी घेऊन आलेल्यांत सरसकट गोळी वाटून उपयोग नाही, एवढं निघतं. त्यातल्या किती जणांना खरंच रिफ्लक्स होता, हे घशाच्या तक्रारीवरून कळत नाही, आणि तुमचा आक्षेपही तोच आहे. दुसरं, ही गोळी आम्ल कमी करते, वर येणं थांबवत नाही. वर येतं त्यात आम्लाखेरीज पेप्सीन असतं. डाळीतली, अंड्यातली प्रथिनं तोडणारं पाचक द्रव्य. थिओडोर श्वान यांनी 1836 साली ते ओळखलं. हे पेप्सीन घशाच्या त्वचेत शिरून बसतं आणि आंबटपणा नसेल तेव्हा निपचित राहतं, पण नाहीसं होत नाही. पुन्हा आम्ल आलं, मग ते खालून येवो की वरून लिंबू सरबतातून येवो, की ते जागं होऊ शकतं. प्रयोगशाळेत हे दिसलंय. म्हणून मला गोळीपेक्षा तुमचं रात्रीचं जेवण जास्त महत्त्वाचं वाटतं.

इथून पुढे वादाचा सूर बदलला. तबलजींची गोष्ट डॉक्टरांनी झटकून टाकली नाही, हे माईंना भावलं असावं. त्यांनी स्वतःहून सांगितलं की क्लास साडेनऊला सुटतो, जेवण दहाला आणि साडेदहाला पाठ टेकते. पहाटे पाचला उठल्याबरोबर रिकाम्या पोटी कडक चहा. दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या, घसा मोकळा राहावा म्हणून.

डॉक्टर : पेपरमिंटनं थंड वाटतं खरं, पण जठराच्या तोंडची झडप त्यानं सैल पडते. चॉकलेट, कॉफी, तळकट, दारू, तंबाखू यांनीही पडते. आणि ते ज्येष्ठमध, माई. तुम्हाला रक्तदाब आहे ना? रोज कांडी चघळत राहिलं, तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. ते आजच सोडा. बीपीची गोळी कुठली?

माई : अम्लोडिपिन.

डॉक्टर : तीही झडप थोडी सैल करते. रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल या गटातली असती, तर सुक्या खोकल्याचा संशय आधी तिच्यावर गेला असता. आपण होऊन बंद करू नका, तुमच्या फिजिशियनशी मी बोलते.

माई : पण कोणालाही घसा धरला की पळत तुझ्याकडे यायचं का?

डॉक्टर : सर्दी-पडशानं बसलेला आवाज आठ-दहा दिवसांत सुटतो. तीन आठवडे झाले आणि सुटला नाही, तर दाखवायचं. घास अडकू लागला, वजन उतरलं, थुंकीत रक्त आलं, मानेला गाठ लागली, एका बाजूचा कान दुखत राहिला, श्वास घेताना घरघर आवाज आला, यातलं काहीही असेल तर तीन आठवडे थांबायचंच नाही. आपल्याकडे स्वरयंत्राचा क्षयही होतो. संध्याकाळचा ताप आणि बसलेला आवाज एकत्र असतील, तर मला पोट आठवतच नाही. तुम्ही आठ महिने थांबलात.

माई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ती नळी घालतात म्हणे नाकातून.’ एवढा वेळ ज्याची भीती त्यांनी वादामागे लपवली होती, ते हे होतं. नाकातून नळी जाईल आणि घशाला काही इजा होईल, मग उरलेला आवाजही जाईल, असं त्यांना वाटत होतं. त्यावर डॉक्टरांनी सांगितलेली हकीगत मला या सगळ्या संध्याकाळीत सर्वांत जास्त आवडली.

डॉक्टर : जिवंत माणसाच्या स्वरपट्ट्या गाताना कशा हलतात, हे नीट बघून पहिल्यांदा जगाला सांगितलं ते एका गाणं शिकवणाऱ्या माणसानं, माई. मॅन्युएल गार्सिया. 1854 साली त्यानं दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वरपट्ट्या बघितल्या. दुसऱ्या वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. आम्ही डॉक्टर जे करतो ते तुमच्या जातीच्या माणसाकडून शिकलोय. आता नळी शेवयांहून थोडी जाड असते, आधी औषधाचा फवारा मारून नाक-घसा बधिर करतात, पाच मिनिटांत होतं. तुम्ही षड्ज लावायचा, मी पडद्यावर बघायचं, तुम्हीही बघायचं.

माई : मलाही दिसेल?

डॉक्टर : दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माई दवाखान्यात आल्या. मी बाहेर बसलो होतो. आतून षड्ज ऐकू आला, मग एक ओढलेला आकार.

पडद्यावर दिसलं ते असं : दोन्ही स्वरपट्ट्या सारख्या हलत होत्या, गाठ नव्हती, पांढरा चट्टा नव्हता. मागच्या बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडाजवळ, सूज आणि लाली होती, चिकट कफाचे धागे होते. पण डॉक्टरांनी एवढ्यावर शिक्कामोर्तब केलं नाही. तक्रार नसलेल्या माणसांच्या घशातही अशी लाली दिसते, हे त्यांनी माईंना आधीच सांगितलं होतं. शिवाय दोन्ही पट्ट्या मधोमध किंचित आत वळलेल्या होत्या, मिटताना बारीक फट राहत होती. ते वयाचं. माई वय म्हणत होत्या ते अर्धं खरं निघालं.

ठरलं ते असं. रात्रीचं जेवण साडेसातला, क्लासच्या मधल्या सुटीत, आणि झोपेआधी निदान तीन तास पोटात काही नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे. उशांची चळत रचायची नाही, त्यानं कंबरेत वाकून पोटावरच दाब येतो. कूस डावी. पहाटेच्या चहाआधी काहीतरी खायचं. पेपरमिंट बंद. जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध, समुद्रशेवाळापासून बनतं ते. ते जठरातल्या अन्नावर साईसारखा थर धरतं आणि वर येणाऱ्याला अडवतं. खाकरावंसं वाटलं, की घोटभर पाणी प्यायचं आणि आवंढा गिळायचा. खाकरताना स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात, त्यानं सूज वाढते, सुजेनं पुन्हा खाकरावंसं वाटतं. आणि फटीसाठी आवाजाचे व्यायाम. तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर नाकातून बारीक तार घालून चोवीस तास आम्ल मोजायची तपासणी करायची. तेव्हाच खात्रीनं कळेल. तोपर्यंत आम्लाची गोळी नाही.

माईंनी ठेच्यासाठी हुज्जत घातली. दुपारच्या जेवणात अर्धा चमचा, एवढ्यावर मिटलं.

दहा आठवडे झाले. खाकरणं दिवसात चार-पाच वेळांवर आलंय, आवंढ्याला गोळा लागत नाही. सकाळचा तो मंद्र पंचम गेला, त्याचं माईंना थोडं वाईट वाटतं. तार षड्ज लागतो, फाटत नाही, पण पूर्वीसारखा टिकत नाही, आणि काळी पाच परत येईल असं डॉक्टरांनी कधीच म्हटलेलं नाही. रात्री दोनला दचकून उठणं पुन्हा झालं नाही. हा गुण जेवणाच्या वेळेचा, ठोकळ्यांचा की व्यायामाचा, हे एका माणसावरून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. माई म्हणतात, तबलजींना हे दहा आठवडे मिळायला हवे होते.

तुमचा किंवा घरातल्या कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर आणखी एक पट्टी गोळ्यांची आणण्याआधी घसा आतून बघून घ्या. पाच मिनिटं लागतात.